पहिला खांदा

खडककोंडच्या रामजीला राग आला की त्याचं बोलणं बंद व्हायचं. दुसरी माणसं चिडली की शिव्या देतात, भांडी आपटतात आणि संध्याकाळी पुन्हा एका चुलीवरचा चहा पितात. रामजीचं तसं नव्हतं. त्याची बायको भागूबाई अख्ख्या वाडीला सांगायची, "आमच्या ह्यांनी शिव्या दिल्या तर मी देवीला पेढे वाटीन. पन ते गप बसले ना, की घर खायला उठतं." एकदा मेव्हण्याने लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बोलावलं नाही. विसरला बिचारा, लग्नघरात हजार कामं! तर हा बाबा पुढे कित्येक वर्षं त्या घरचं पाणी प्यायला नाही. मेव्हणा हातापाया पडून दमला आणि एक दिवस वारला. तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण रडलं असेल? रामजीच. आता अशा माणसाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसाही नाही. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की वरच्या अंगाला जे पठार दिसतं, त्याच्या काठावर दहा-बारा घरांचं खडककोंड. आजूबाजूला आणखी सहा वाड्या. गुरं राखायची, उतारावर नाचणी-वरी करायची, दूध-तूप खाली पोलादपुरात घालायचं. सगळ्यांच्या अडीअडचणीला रामजी पुढे. कुणाची म्हैस अडली, कुणाचं माणूस डोलीत घालून खाली न्यायचं झालं, की पहिली हाक त्याला. पण त्या उताराची एक गोम होती. जमीन पणजोबांपासून ह्यांनीच कसलेली, पण सरकारी कागदात ते जंगल. म्हणजे राबायचं ह्यांनी आणि चोरही ह्यांनीच ठरायचं.

तसाच एकदा रामजी चोर ठरला. नाचणीसाठी उतारावरचं गवत-झुडूप जाळून जमीन भाजली म्हणून त्याला महाडच्या कोर्टात उभं केलं. तिथे त्याला हरीभाऊ वकील भेटले. सडपातळ माणूस, काळा कोट कोपरावर विरलेला, आवाज मात्र असा की कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जावा. त्यांनी आपण होऊन केस घेतली आणि सोडवलं. रामजीने चाचरत फीचं विचारलं, तर म्हणाले, "घरी नाचणीची भाकरी करता ना? मग एकदा जेवायला बोलव. मला बघायचंय, ही चोरीची भाकरी लागते कशी."

आणि खरंच आले की! महाडचा वकील, धापा टाकत डोंगर चढून वर आला, भागूबाईच्या हातची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली, ताटातलं बोटाने निपटून खाल्लं. मग पठाराच्या काठावर उभं राहून त्यांनी तो उतार बराच वेळ पाहिला. म्हणाले, "रामजी, ही जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय मी काही स्वस्थ बसणार नाही." अशी वाक्यं पुढारी रोज बोलतात. पण हरीभाऊ तेव्हा पुढारी नव्हते, आणि पुढे झाले तेव्हाही ते वाक्य विसरले नाहीत.

त्यांचं राजकारण सुरू झालं ते गुरांच्या मोर्चाने. कल्पना हरीभाऊंची आणि गुरं रामजीची. सातही वाड्यांची गुरं खाली उतरवली आणि पोलादपूरच्या हायवेवर नेऊन उभी केली. पुढे रामजीची कपिली गाय, गळ्यात घंटा. इकडे गोव्याच्या गाड्या, तिकडे मुंबईच्या, मधे शेण! सरकारी साहेब आले, हात जोडून म्हणाले, "अहो, ही हलवा." हरीभाऊ म्हणाले, "त्यांना चरायला जागा दाखवा, आपल्या पायांनी जातील." त्या दिवशी माणसं अशी हसली की बोलायची सोय नाही. नव्वद साली हरीभाऊ आमदार झाले. विधानसभेत भागूबाईने बांधून दिलेली भाकरी फडक्यातून काढून त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "जंगलात नाचणी आपोआप उगवते का?" पेपरात फोटो आला. भागूबाईने तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. फोटोत भाकरी नीट दिसत नाही अशी तिची तक्रार होती.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सातही वाड्यांची देवी एकच, सोमजाई. मोठं काम काढायचं तर तिच्यापुढे मानकऱ्याने नारळ फोडायचा. तो फुटला की सातही वाड्या एका तोंडाने बोलणार, त्यात फाटाफूट नाही. हा मान रामजीच्या घरचा. त्याच्या कुणा खापरपणज्याने म्हणे देवीला खांद्यावर बसवून खालून वर आणली होती. म्हणूनच शिमग्याला देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठते तीसुद्धा ह्याच घरच्या खांद्यावर. पहिला खांदा रामजीचा, मग बाकी गावाचा. घरात बाकी सगळी बोंबच होती हो, पण वर्षातून एकदा पालखीचा दांडा खांद्यावर आला की रामजी राजा असायचा. त्याचा बाप मरताना पोराला एवढंच सांगून गेला होता की खांदा सोडू नको.

नव्वद आणि पंच्याण्णव, दोन्ही निवडणुकांना रामजीने हरीभाऊंच्या नावाने नारळ फोडला आणि सातही वाड्यांनी शब्द पाळला. पंच्याण्णवनंतर हरीभाऊ राज्यमंत्री झाले. लाल दिव्याची गाडी आली, मागेपुढे माणसं आली. पण उताराच्या जमिनीची फाईल ते स्वतः टेबलाटेबलावरून पुढे ढकलत होते. रामजीला निरोप यायचे. आता महसूलकडे गेली, आता सहीला गेली. शेवटचा निरोप असा होता की निवडणूक पार पडली की निकाल लागलाच म्हणून समज.

त्या निवडणुकीच्या आधीचा शिमगा. हरीभाऊंनी कळवलं, यंदा मी सोमजाईच्या पालखीला येतो. वाडीत नुसती धांदल उडाली. रामजीने स्वतः वाट झाडली. होम झाला, पालखी सजून सहाणेवर बसली, खालूबाजा वाजायला लागला. पालखीला खांदा द्यायचा तर मानकऱ्याने विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि ओल्या धोतराने यायचं. रामजी विहिरीवर गेला. तेवढ्यात वर मंत्र्यांची माणसं येऊन पोचली. घामाघूम झालेले हरीभाऊ देवीपुढे टेकले. त्यांच्याबरोबरचा कुणीतरी अतिउत्साही कार्यकर्ता, ज्याला ना देवी ठाऊक ना रीत, ओरडला, "साहेब, खांदा लावा, फोटो घेतो!" वाजंत्र्यांना वाटलं, मंत्री म्हणतात तर असेल तसं. त्यांनी जोर धरला. हरीभाऊंनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि दांडा खांद्यावर घेतला. वाडीतली म्हातारीकोतारी एकमेकांकडे बघत राहिली. मंत्र्याला कोण अडवणार? पालखी उठली.

रामजी विहिरीवरून आला तो निथळत. त्याने पाहिलं, पालखी वर आहे. हरीभाऊंचा चेहरा गुलालाने माखलेला, लहान पोरासारखा खुललेला. त्यांची नजर रामजीवर गेली आणि ते आनंदाने ओरडले, "रामजी! ये, ये, माझ्या मागे लाग!"

रामजी लागला. मागे लागला. पालखी साऱ्या वाडीभर नाचली, तो मुकाट नाचला. त्या दिवसापासून तो गप झाला.

भागूबाईने ओळखलं. ती म्हणाली, "अवो, त्या मानसाला काय ठावं आपली रीत? तुमी सांगितली व्हती काय कदी?"

"इचारायचं त्याने."

"इचारील कसा? त्याला वाटलं, देव हाय, खांदा द्यावा. तुमी तितंच बोलला असतात तर दांडा सोडून पाया पडला असता तो तुमच्या!"

"आमच्या घराचा मान व्हता गो तो," रामजी म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. त्यानंतर ह्या विषयावर त्याच्या तोंडून अक्षर निघालं नाही. भागूबाई बोलून थकली. दगडावर पाणी!

निवडणूक लागली. पाऊस सरत आला होता, उतारावर नाचणी तुऱ्यावर आली होती. वाड्यावाड्यांतून माणसं यायला लागली. रामजीदादा, नारळ कवा? रामजी आज-उद्या करत राहिला. शेवटी सगळे एकदम येऊन बसले तेव्हा तो म्हणाला, "देवीचं मन नाय."

झालं. तेवढंच बोलला. हरीभाऊंविरुद्ध एक शब्द नाही, कुणाला मत द्या म्हणून सांगणं नाही. पण देवीचं मन नाही म्हटल्यावर पुढे कोण काय विचारणार? देवीची गोष्ट वाड्यांबाहेर सांगायची नाही ही रीत, म्हणून ती खाली महाडपर्यंत पोचलीही नाही. आणि तो पक्कं जाणून होता की देवी काही बोललेली नाही. मन नव्हतं ते त्याचं. आपला रुसवा त्याने देवीच्या तोंडी घातला. अरे, माणसावर रुसावं, दोन शब्द सुनवावेत, हवं तर हमरीतुमरीवर यावं! पण देवीला मधे घालायचं म्हणजे काय?

नारळ फुटला नाही, म्हणून वाड्या फुटल्या. समोर येसाजीशेठ उभा होता, ट्रकांचा धंदा करणारा, हाताचा सैल. त्याच्या जीपगाड्या चढता येईल तिथवर चढून आल्या. कुणी त्याच्याकडे गेलं, कुणी घरीच राहिलं. हरीभाऊंची माणसं रामजीला शोधत आली, तेव्हा तो गुरं घेऊन पठाराच्या पार टोकाला जाऊन बसला होता. भागूबाई दारात उभी. नवऱ्याची लाज झाकायला ती बोलून गेली, "त्यांना ताप हाय. उठवत नाय."

हरीभाऊ पडले. आणि पडले ते इतक्या थोड्या मतांनी की एकट्या ह्या सात वाड्यांनी तारलं असतं.

निकालानंतर चार-दोन दिवसांनीच भागूबाईने अंगणातून पाहिलं, तर वाटेने एक माणूस काठी टेकत चढून येतोय. गाडी नाही, कार्यकर्ते नाहीत. हरीभाऊच. हातात कागदाची पुडी. रामजी ओटीवरून उठलाच नाही. हरीभाऊ त्याच्याजवळ बसले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "उतरला ना ताप? ह्या गोळ्या आणल्यात, जेवणानंतर घे. आणि हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. तू अंथरुणाला खिळला नसतास तर सातही वाड्या आणल्या असत्यास, मला का माहीत नाही? सगळ्यांनी पाठ फिरवली रे, पण तू आहेस."

रामजीच्या ओठावर आलं होतं. मला ताप नव्हता, भाऊ. चार शब्द. भागूबाई दारातून त्याच्याकडे बघत होती, तिचे डोळे सांगत होते, बोला. तो खाली बघत राहिला. भागूबाईने ताक आणून दिलं. हरीभाऊंनी ते पिऊन पेला उपडा ठेवला आणि ते उतरून गेले. गोळ्यांची पुडी रामजीने फेकली नाही आणि उघडलीही नाही. ती वळचणीला तशीच राहिली.

फाईलचं काय झालं? जे होतं तेच. ढकलणारा माणूस गेला, फाईल बसली. निवडून आलेल्या येसाजीशेठला नाचणी कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. दोन पावसाळे गेले आणि एक दिवस उतारावर वनखात्याचे खांब आले, तार आली, तारेच्या आत झाडं लावली गेली. कायद्याने बरोबरच होतं, कागदात ते जंगलच होतं. कपिलीची वासरं तारेपाशी जाऊन हंबरायची. रामजीचा राजू म्हणाला, "बाबा, इथे आता काय ठेवलंय? मी मुंबईला जातो, सेक्युरिटीत लागतो." तो गेला. त्याच्या मागोमाग बाकीच्या घरांतली पोरं गेली. त्या शिमग्याला पालखीला खांदे पुरेनात. रामजीचा पहिला खांदा मात्र शाबूत होता. दांडा खांद्यावर घेतला की आता त्याला समोर गुलालाने माखलेला एक चेहरा दिसायचा.

हरीभाऊ पुन्हा कोर्टात उभे राहायला लागले. पाठीशी पक्ष नाही, गाडी नाही, तरी तो उतार त्यांनी सोडला नाही. अर्ज करत राहिले, पुण्या-मुंबईला एसटीने हेलपाटे घालत राहिले. रामजी तूप घेऊन महाडला कधी गेला, तर आलेल्या-गेलेल्याला ते त्याचा हात धरून सांगायचे, "हा रामजी. सगळे गेले, हा नाही गेला. माझं उभं राजकारण एका पारड्यात घाला आणि हा माणूस दुसऱ्या." रामजीला वाटायचं, जमीन दुभंगावी. मग त्याने जाणंच सोडलं. हरीभाऊंना वाटलं, वयोमानाने डोंगर उतरवत नसेल. त्यांच्या पत्नी चारुलतावहिनी दरवर्षी दिवाळीचा फराळ कुणाच्या तरी हाती वर पाठवायच्या. तो फराळ भागूबाई शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकायची. "माज्या घशाखाली उतरत नाय," म्हणायची. ताप हाय, हे तीच बोलली होती ना.

पुढे तो मोठा पूर आला. महाड बुडालं. हरीभाऊंच्या घरात छातीभर पाणी चढलं, आयुष्यभराचे कागद चिखलात गेले. ते कागद वाळवता वाळवताच ते आजारले आणि पुन्हा उठले नाहीत. वर्ष उलटलं नसेल, तोच त्यांचा मुलगा आमोद, पुण्यात डॉक्टर होता, स्वतः डोंगर चढून वर आला. म्हणाला, "रामजीकाका, बाबांनी तुम्हाला बोलावलंय. उशीर नका करू."

रामजी मनाशी ठरवून निघाला, आता बोलायचंच. उंबऱ्यापर्यंत भागूबाई आली आणि म्हणाली, "सगळं सांगा. मी खोटं बोलले तेपन सांगा. मानूस जायच्या आदी सांगा."

खाटेवर हरीभाऊ म्हणजे नुसता सांगाडा उरला होता. रामजीला पाहून त्यांचा चेहरा उजळला. रामजी खाली बसला, त्याने खाटेची कड धरली. "भाऊ, त्या इलेक्शनच्या साली…"

"छे रे," हरीभाऊंनी हात हलवला, "पडलेल्या इलेक्शनचं काय काढतोस! त्या सालची माझ्या लक्षात राहिलीय ती पालखी. तुमच्या देवीची. आठवते?"

रामजीने खाटेची कड सोडली.

"आमदार झालो, मंत्री झालो. खरं सांगू? त्या दिवशी तुमच्या सोमजाईला मी खांदा दिला ना, तेव्हा मला वाटलं, आता मी वरचा झालो. तुमच्यातला झालो. कुणी अडवलं नाही मला. महाडचा मी, ना तुमच्या भावकीतला ना वाडीतला, पण तुम्ही खांदा लावू दिलात. आणि मागे वळून बघतो तर तू. तेवढं सुख मला दुसऱ्या कशाने झालं नाही, रामजी." ते थोडं थांबले, त्यांना धाप लागली होती. चारुलतावहिनींनी पाणी पाजलं. "आता माझं एक कर. मी गेलो की पहिला खांदा तू द्यायचास. आमोदला मी सांगून ठेवलंय. पुढारी येतील, फोटोवाले येतील, कुणाला पुढे येऊ देऊ नकोस. पहिला तू."

मरणाऱ्या माणसाचं एकुलतं एक सुख, तेच ओरबाडून काढायचं? रामजीने त्यांचा हात हातात घेतला. "देईन, भाऊ," एवढंच म्हणाला. राग तर केव्हाच गेला होता, आणि तरीही त्याला बोलता येत नव्हतं.

रामजी महाडातच थांबला. तिसऱ्या दिवशी हरीभाऊ गेले. महाडात दुकानं बंद झाली, सावित्री नदीच्या घाटापर्यंत माणसांची रीघ लागली. तिरडी बांधून झाली तसा येसाजीशेठ पांढऱ्या कपड्यांत पुढे सरकला, मागे त्याचा फोटोवाला. आमोदने हात आडवा केला. "थांबा शेठ. पहिला मान रामजीकाकांचा. बाबांचा शब्द आहे."

गर्दी बाजूला झाली. रामजी नळाखाली डोक्यावरून पाणी घेऊन आला होता, धोतर निथळत होतं. का घेतलं पाणी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो वाकला, दांडा उजव्या खांद्यावर घेतला आणि उठला. माणसं आपसांत बोलत होती. हाच तो रामजी, खडककोंडचा. सगळे फिरले, हा नाही फिरला. याला म्हणतात निष्ठा, बाबांनो! एका म्हाताऱ्याने तर चालता चालता त्याच्या पायाला हात लावला. रामजीला वाटत होतं, कुणीतरी दगड मारावा. एक तरी. पण कुणी मारला नाही, आणि घाटापर्यंतची वाट संपता संपेना.

संध्याकाळच्या एसटीने तो पोलादपूरला उतरला आणि डोंगर चढून वर आला. भागूबाईने अंगणाच्या कडेला ऊन पाणी काढून ठेवलं होतं. मयताला जाऊन आलेल्याने आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. तो दगडावर बसला. ती तांब्याने त्याच्या अंगावर पाणी घालायला लागली. उजव्या खांद्यावर बांबूचा लाल वळ उठला होता. तो पाहून तिचा हात थांबला.

"सांगितलं त्यांना?"

रामजीने मान हलवली. नाही.

"आनि खांदा?"

"दिला."

"पैला?"

"पैलाच," रामजी म्हणाला आणि हुंदक्याने त्याचं सगळं अंग हललं.

भागूबाई म्हणाली, "मिळाला मंग तुमचा मान." आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तिने हळूच त्या वळावर ओतलं.